पुढची खाच

डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षी आंतरवासितेच्या शाळा वाटल्या गेल्या, तेव्हा माझ्या वाट्याला जुन्नर तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगरपट्टा आला. मी लातूरकडची. आमच्याकडे नजर जाईल तिथवर काळं रान आणि उंच म्हणजे गावातली पाण्याची टाकी. पोहायला शिकावं एवढं पाणी एका जागी साठलेलं मी लहानपणी पाहिलं नव्हतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मी शाळकरी होते. खेळ म्हणजे पटांगणावरचा खो-खो, तोही नववीपर्यंत. दहावीच्या मुलींनी खेळू नये असं कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी खेळतही नव्हतं.

जुन्नरहून आपटाळ्याकडे एसटी निघाली की शिवनेरी मागं पडतो, चावंड समोर येतो, माणिकडोह धरणाचं पाणी कधी दिसतं कधी लपतं, आणि शेवटी जीवधन उभा राहतो. त्याच्या पुढं जमीनच संपते. घाटघरच्या पठाराच्या टोकाला नाणेघाट आणि खाली कोकण. या पट्ट्यात महादेव कोळ्यांच्या वाड्या, ठाकरवाड्या, भाताची खाचरं आणि हिरड्याची झाडं. उन्हाळ्याच्या तोंडाला बाळहिरडा गोळा करून वाळवायचा आणि विकायचा, यावर कित्येक घरांचं रोख पैशाचं गणित चालतं. पटावरच्या मुलांची हजेरी त्या दिवसांत का घसरते, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी पाठ टाचण बघायच्या आधी मला एक काम सांगितलं. म्हणाले, "ही पोरं ज्या वाटेनं शाळेत येतात, त्या वाटेनं एकदा जाऊन या. मग टाचण लिहा."

मी गेले. शाळा सुटल्यावर मुलांच्या मागोमाग वाडीकडं निघाले. आधी खाचरांचे बांध, मग ओढा, मग कारवीतून चढणारी पायवाट, आणि वर पोचल्यावर पलीकडं सुट्या मुरमाची उतरण. माझ्यापुढं तिसरीतली एक मुलगी पाठीला दप्तर लावून, चपला हातात घेऊन, बोलत बोलत उतरत होती. मी वर उभी होते आणि माझे गुडघे माझं ऐकत नव्हते. त्या क्षणी मला लाज वाटली नाही, राग आला. मला मिळालेल्या शिक्षणाचा राग. इतकी वर्षं मी वर्गात बसले, बालमानसशास्त्राच्या व्याख्या पाठ केल्या, पण उतरणीवर स्वतःच्या दोन पायांचं काय करायचं हे मला कुणीही शिकवलेलं नव्हतं. ज्या मुलांना मी शिकवणार, त्यांच्या रोजच्या दिवसातला एवढा मोठा भाग माझ्यासाठी बंद होता.

त्याच हिवाळ्यात पुण्यातल्या काही गिर्यारोहकांनी आम्हा छात्राध्यापकांसाठी साहस शिबिर घेतलं. मी नाव दिलं, आणि शिबिर संपल्यावरही सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जात राहिले. प्रस्तरारोहण, मग कयाक, मग गडवाटांवरचं लांब चालणं. या सगळ्यातून मी धीट झाले असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. झालं ते वेगळंच, आणि ते सांगायला कड्यापासून सुरुवात करावी लागेल.

सह्याद्रीचा दगड बेसाल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला, म्हणून कड्याला आडव्या पट्ट्या दिसतात, मधेमधे भेगा, कुठं बोटभर रुंदीच्या कडा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ असतं, त्यामुळं चढाईचे दिवस दिवाळीनंतरचे. आम्ही शिकलो तो कातळ फार उंच नव्हता. खालून बघताना तो मला गुळगुळीत वाटला. हात लावायला जागा आहे कुठे, हाच प्रश्न.

चढायच्या आधी तासभर नुसत्या गाठी. हार्नेसला दोर बांधायची फिगर ऑफ एट, तिची शेपटी किती ठेवायची, कॅरॅबिनरचा स्क्रू बंद झाला का. बांधणाऱ्यानं तपासायचं आणि त्याच्यानंतर दुसऱ्यानं तपासायचं. कितीही जुना गिर्यारोहक असला तरी या दुसऱ्या तपासणीतून सुटका नाही. आमच्या प्रशिक्षक ताई वीस-बावीस वर्षं डोंगरात होत्या, आणि त्या आम्हा नवशिक्यांना स्वतःची गाठ बघायला लावायच्या. तेव्हा त्यांनी अरुण सावंतांचं नाव घेतलं होतं. उभी हयात सह्याद्रीत घालवलेले हे ज्येष्ठ गिर्यारोहक जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या वेळी गेले. ताई एवढंच म्हणाल्या की डोंगर अनुभवाचं प्रमाणपत्र बघत नाही, आणि पुन्हा गाठीकडं वळल्या.

माझी पाळी आली. दोन पुरुष उंचीवर मी अडकले. हात वरच्या कडेला घट्ट, उजवा पाय एका खाचेत, डावा हवेत. कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखे झाले आणि उजवा पाय शिवणयंत्राच्या सुईसारखा वरखाली हलू लागला. खालून माझे वर्गमित्र ओरडत होते, "घाबरू नकोस! जमेल तुला! अजून थोडंच!" ती सगळी माझी माणसं, त्यांचा जीव तुटत होता. पण त्या आरोळ्यांचा मला शून्य उपयोग होत होता. उलट प्रत्येक "जमेल"बरोबर मला जमत नाहीये हे जास्त ठळक होत होतं.

मग ताईंनी सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "टाच खाली सोड." सोडली. पायाचं थरथरणं कमी झालं. "आता छाती दगडापासून लांब ने, हात सरळ कर." केले. "डाव्या गुडघ्याच्या उंचीवर, एक वीत बाहेरच्या बाजूला खाच आहे. बघ." मी बघितलं, आणि खाच होती. ती सगळा वेळ तिथंच होती; मी दगडाला इतकी चिकटले होते की मला माझे पायच दिसत नव्हते. "तिथं पाय ठेव आणि त्यावर उभी राहा. हातांनी ओढू नको, उभी राहा."

मी उभी राहिले. आणि वरची कड आपोआप छातीशी आली.

चढाईचं पहिलं सूत्र तेच: तीन जागा पक्क्या, चौथी हलवायची. दुसरं सूत्र: वजन पायांवर, हात फक्त तोलासाठी. नवीन माणूस हे उलटं करतो कारण भीती हातात जमा होते. ही दोन सूत्रं आम्हाला सकाळीच सांगितली होती, मी ती वहीत लिहूनही घेतली होती. पण कड्यावर अडकलेल्या माणसाला सूत्र लागत नाही. त्याला पुढची खाच लागते: कुठे आहे, किती दूर आहे, कोणत्या पायानं. आणि ती सांगायची तर सांगणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. एक तर तो कातळ, आणि दुसरी, या क्षणी या माणसाचं वजन कोणत्या पायावर आहे ही. ताई माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हत्या. त्या माझ्या पायांकडं बघत होत्या.

त्या आठवड्यात माझा चौथीला वजाबाकीचा पाठ होता. ५०२ वजा १७८. मधल्या घरात शून्य असलेली वजाबाकी. शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, पोरं इथंच अडतात. एका मुलीनं पाटीवर उदाहरण मांडलं आणि ती थांबली. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, "प्रयत्न कर, जमेल तुला." वर्गात आम्ही सगळेच दिवसातून कितीदा तरी हे म्हणतो, आणि प्रेमानंच म्हणतो. त्या दिवशी मी ते गिळलं आणि तिच्या पाटीकडं बघितलं. तिनं दोनातून आठ जात नाहीत हे ओळखलं होतं. दशकाच्या घराकडं ती वळली होती, तिथं शून्यापाशी खडूचा एक पुसट ठिपका होता. म्हणजे अडली ती तिथं. "दशकाच्या घरात काही नाही. मग त्याच्या शेजारी कोण राहतं?" मी विचारलं. ती शतकाच्या पाचाकडं बघायला लागली. "त्याच्याकडून एक शंभर घेतला तर त्याचे दहा-दहाचे गठ्ठे किती?" दहा. "त्यातला एक गठ्ठा एककाला दिला, तर दशकात उरले किती?" नऊ. पुढं मला बोलावं लागलं नाही. ३२४ लिहून तिनं पाटी माझ्याकडं फिरवली.

हे कुठल्याही चांगल्या शिक्षकाला माहीत असतं असं कुणी म्हणेल. खरं आहे. अध्यापन पद्धतीच्या पुस्तकात ते लिहिलेलंही आहे. पण मला ते पुस्तकातून आलं नाही. अडकलेल्या माणसाच्या कानांना धीराचे शब्द कसे ऐकू येतात, हे मला कातळावर लटकल्याशिवाय कळलं नसतं. मोठेपणी आपण ज्या गोष्टी करतो त्या बहुतेक आपल्याला येत असतात. न येणाऱ्या गोष्टी आपण हुशारीनं टाळतो. शिक्षक तर रोज येणाऱ्या गोष्टींच्याच बाजूला उभा असतो. वर्षानुवर्षं तिथं उभं राहिल्यावर न येणं म्हणजे नेमकं कसं वाटतं, ते शरीर विसरून जातं.

चढण्याइतकंच मला दोर धरण्यानं शिकवलं. बिले देणारा, म्हणजे दोर धरणारा, खाली उभा असतो, त्याच्या हार्नेसमधल्या उपकरणातून दोर जातो, आणि वर चढणाऱ्याचा जीव त्याच्या एका हातात असतो. तो हात दोरावरून कधीच सुटायचा नाही. दोर फार ताणला तर चढणाऱ्याला वर ओढल्यासारखं होतं, त्याचा तोल जातो, आणि आपण स्वतः चढलो की ओढले गेलो हे त्याला कळत नाही. ढील जास्त दिली तर पडल्यावर तो फार खाली येतो. किती दोर घ्यायचा हे दर क्षणाला बदलतं, आणि ते त्याच्या हालचालीवरूनच कळतं. नजर काढली की संपलं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाकडं पाठ करून फळ्यावर लिहीत राहणं मला त्यानंतर जड जायला लागलं.

मुलांना घेऊन आम्ही नाणेघाटात गेलो ती सहल मला फार प्रिय आहे. थंडीचे दिवस, सकाळचं ऊन. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळातली लेणी आहे, भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतला हा लेख, यज्ञात दिलेल्या दानांची यादी सांगणारा: गाई, घोडे, हत्ती, नाणी. आणि त्या दानांचे आकडे अंकांत कोरलेले. भारतातल्या अगदी जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. त्यात शून्य नाही, स्थानिक किंमत नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. मी मुलांना ते सांगितलं तेव्हा वजाबाकीवाली मुलगी म्हणाली, "म्हंजी यांना शेजाऱ्याकडं मागायला जाता येत नसंल." माझ्या सगळ्या पाठ टाचणांत इतकं नेमकं वाक्य कुठं नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे तिच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि शून्यानं जगाला काय दिलं ते तिनं त्यांच्याकडं बघून ओळखलं.

परतीच्या वाटेवर पुन्हा सुटा मुरूम आला. या वेळी मी सहावीतल्या एका मुलाला विचारलं, "कसं उतरतोस, सांग." त्यानं आधी उतरून दाखवलं. मी म्हटलं, दाखवू नको, सांग. मग तो थांबला, विचारात पडला आणि म्हणाला, "बाई, टाच आदी रवायची. मंग अंग टाकायचं. मागं नाय झुकायचं." दुसरा म्हणाला, टाच नाही, पाय आडवा टाकायचा. तिसरीनं सांगितलं, ते उन्हाळ्यात. ओल असली की टाच. तिथंच त्यांचं भांडण लागलं. मी दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला तेच घेतलं: लातूरच्या माणसाला मुरमाची उतरण उतरायची आहे, त्याच्यासाठी सूचना लिहा. पहिल्या खेपेला बहुतेकांनी लिहिलं, "सावकाश उतरा, घाबरू नका." मी त्यांना विचारलं, सावकाश म्हणजे पाय कसा टाकायचा? त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं, बाहेर जाऊन बांधावरून उतरून बघितलं, परत येऊन खोडलं. निबंधात चार ओळींपुढं न जाणाऱ्या मुलांनी त्या दिवशी पान भरलं. आणि मी त्यांच्या सूचना वाचून ती उतरण उतरले. मुलं खाली उभी राहून माझ्या पायांकडं बघत होती.

पाण्याची गोष्ट वेगळी. तिथं मला उलटं शिकायला मिळालं.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलेलं आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. विदेशी मालाच्या ट्रकसमोर आडवे पडून १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत हुतात्मा झाले. घोडेगावच्या पुढं रस्ता वळणं घेत जातो आणि दोन डोंगरांच्या मधे पाणी पसरलेलं दिसतं. आमचं कयाकचं शिबिर त्याच्या काठावर होतं. मला पोहता येत नव्हतं, हे मी आधीच सांगितलं. लाइफ जॅकेट घातल्यावर ते चालतं, पण पहिला धडा असा की नाव मुद्दाम उलटी करायची आणि तिच्यातून बाहेर पडायचं. आधी जमिनीवर सराव: पुढं वाका, हात दोन्ही बाजूंना, ढकला, बाहेर या. पाण्याखाली कुणाची सूचना ऐकू येत नाही, म्हणून ती शरीरात आधीच भरून ठेवायची. मी उलटले. डोळे उघडले तर सगळं हिरवं, नाकात पाणी, आणि हात आपोआप कडांवर गेले. बाहेर आले तेव्हा मी रडत होते की ते नुसतं पाणी होतं, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर खरं अवघड सुरू झालं. कयाकमध्ये बसल्यावर नाव सतत डुलते. गुडघे आतून घट्ट, कंबर मात्र सैल. खालची नाव कलली तरी वरचं अंग सरळ. हे मला सांगितलं गेलं, मला समजलंही, आणि मी परत परत पाण्यात पडले. इथं कुणी पुढची खाच दाखवू शकत नव्हतं. शिकवणारा दादा थोड्या वेळानं बोलायचा थांबला. तो आपल्या नावेत शेजारी तरंगत राहिला, मी पडले की नाव धरायचा, मी चढले की सोडायचा. दुपारपर्यंत हेच. आणि मग केव्हातरी माझी कंबर सैल झाली. ती मी सैल केली नाही, ती झाली. वर्गात वाचायला शिकणारी पहिलीतली मुलं अशीच एका दिवशी अक्षरं जोडायला लागतात, आणि नेमकं कशानं ते कुठल्याही निरीक्षण वहीत लिहिता येत नाही. कधी नेमकं सांगायचं आणि कधी गप्प राहून नाव धरायची, हा फरक अजून मला दरवेळी ओळखता येतो असं नाही. पण हे दोन वेगळे प्रसंग आहेत, हे आता माझ्या अंगाला ठाऊक आहे.

दुपारनंतर वारा उठला. काठावर जाळं नीट करत बसलेल्या एका मामांनी आम्हाला सकाळीच सांगितलं होतं, "जेवनानंतर पान्यात नका ऱ्हाऊ. घाटाकडनं वारं येतं." आमच्या शिबिराच्या वेळापत्रकात दुपारचं सत्र होतं, ते प्रशिक्षकांनी मामांचं ऐकून रद्द केलं. मग आम्ही त्यांच्याजवळ बसलो. जुनं आंबेगाव याच पाण्याखाली आहे. तालुक्याला ज्या गावाचं नाव, ते गावच धरणात गेलं. पाणी खूप आटलं की जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात. वरच्या खोऱ्यांतल्या आदिवासी कुटुंबांची भातशेती गेली. पुढं आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या शाश्वत संस्थेच्या साथीनं इथल्या लोकांनी जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मागितला, मच्छीमार सहकारी संस्था उभी केली, आणि उतारावर पडकई करून, म्हणजे एकमेकांच्या श्रमानं दगडी बांध घालून, नवी भातखाचरं तयार केली. ज्यांना पूर्वी नदीपुरतं पाणी माहीत होतं, ती माणसं जमीन गेल्यावर धरणाच्या पाण्यात उतरायला शिकली. हौसेनं नव्हे.

मी लाल जॅकेट घालून त्यांच्या शेतावर तरंगत होते. ही गोष्ट मला त्या दिवशी टोचली आणि ती टोचणी जावी असं मला वाटत नाही. जुन्नरला २०१८ मध्ये राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं गेलं. शिबिरं, तंबू, दोर, नावा वाढल्या आहेत आणि वाढत जातील. त्यात पोटाला काम मिळत असेल तर चांगलंच आहे. पण ज्यांच्या कड्यावर आणि पाण्यावर हे खेळ चालतात, त्यांची मुलं काठावर उभी राहून बघणार असतील, तर शिक्षक म्हणून मला ते चालणार नाही.

मैदानी साहस या भागाला नवं नाही, हेही सांगायला हवं. यात्रांचे दिवस आले की घाटात बैलगाडे पळतात. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातल्यापासून २०२३ ला तो खेळ कायद्यात बसल्याचा निकाल येईपर्यंत या तालुक्यांत दुसरा विषय नव्हता. आखाडे आहेत, कबड्डीचे संघ आहेत. या सगळ्यात मुली बहुतेक बघणाऱ्या. माझ्या शाळेतल्या सातवीच्या मुलींना छोट्या कातळावर चढवायचं ठरलं तेव्हा मुख्याध्यापकांनी पालकांची लेखी संमती मागितली. त्यांचं बरोबर होतं. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयातले चौदा विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून सहलींचे नियम कडक झाले आणि शाळेबाहेर पाऊल टाकताना प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मनात ती बातमी असते. एका मुलीची आई सही करायला आली आणि सही न करता कातळापाशी आली. "पोरगी पडली, हातपाय मोडला, तर तिला करील कोन?" तिनं मला सरळ विचारलं. मी तिला समजावत बसले नाही. ताईंनी दोर वर अडकवलेला होता. तिला हार्नेस दाखवला, गाठ दाखवली. तिनं साडीचा ओचा खोचला, दोर दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग त्यावर टाकून लोंबकळून बघितलं. मग वर कुठं अडकवलाय ते विचारलं. तिथं दोन वेगवेगळे बोल्ट आहेत, एक सुटला तरी दुसरा धरील, हे ऐकल्यावर तिनं सही केली. रोज डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन ती ज्या वाटेनं उतरते तिथं एकही दोर नसतो. सुरक्षिततेचे तिचे प्रश्न आमच्या शिबिरात आलेल्या कुणाहीपेक्षा चांगले होते.

गडवाटांबद्दल थोडक्यात. चावंडच्या कातळातल्या पायऱ्या, हडसरची खुंटीची वाट, खिरेश्वराहून तोलारखिंडीनं हरिश्चंद्रगड, हे सगळं मी केलं, आणि पहाटे धावायचीही सवय लावून घेतली. पहाट म्हणजे इथं उजाडल्यानंतर. बिबट्यांचा हा मुलूख. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, आणि उसाच्या कडेनं अंधारात एकटीनं जाऊ नये हे मला घरमालकीण आजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. धावण्यानं दम वाढला. त्याहून जास्त काही मी त्यातून काढणार नाही.

साहसातून माणूस घडतो, ही कल्पना जगात जुनी आहे. जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या कुर्ट हान नावाच्या शिक्षकानं १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा काढली, ती युद्धकाळातल्या तरुण खलाशांना तग धरायला शिकवण्यासाठी. तिथून ही शिबिरं जगभर गेली. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूच्या कोसबाडला याच्या अगदी उलट्या दिशेनं पाऊल टाकलं. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात गेली. मुलांना अनोळखी डोंगरावर नेण्याऐवजी शिक्षिका मुलांच्या रानात गेल्या. मला या दोन्हींची गरज वाटते, पण वेगवेगळ्या माणसांसाठी. अनोळखी कातळाची गरज मला होती. माझ्या मुलांना गरज होती ती त्यांच्या रानाला शाळेनं किंमत देण्याची, आणि त्याच्या पुढचं दार उघडण्याची. ते दार किती उंच जातं हे २०१८ मध्ये दिसलं, जेव्हा आदिवासी विकास विभागाच्या मिशन शौर्यमधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले.

आता मी आंबेगाव तालुक्यातच शिकवते. शाळेत दोर नाही, आणि तो मी आणणारही नाही. चढाईचा दोर विकत घेतला की झालं असं नसतं. त्याला आयुष्य असतं, मोठा झटका बसला की तो बाद करावा लागतो, त्याची नोंद ठेवावी लागते, आणि तो लावणारा माणूस शिकलेला लागतो. २०२१ मध्ये राज्यानं जमीन, पाणी आणि हवा यांवरच्या साहसी उपक्रमांसाठी धोरण आणलं, त्यात नोंदणी आणि प्रशिक्षित माणसं यांचा आग्रह आहे. तो आग्रह मला पटतो. म्हणून माझा प्रयत्न दुसरीकडं चालू आहे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या, बारावी होऊन घरी बसलेल्या काही मुलामुलींना गिर्यारोहणाचा मूलभूत अभ्यासक्रम करता यावा, म्हणून मी आणि आमचे दोन शिक्षक मिळून अर्ज, प्रवासखर्च, वैद्यकीय दाखले असं सगळं बघतो. त्यातली एक मुलगी अभ्यासक्रम पूर्ण करून आली आणि मागच्या हिवाळ्यात आमच्या मुलांना कातळावर घेऊन गेली. पाचवीतला एक जण मधेच अडकला. खालून सगळी पोरं ओरडायला लागली. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि त्याच्या पायांकडं बघून विचारलं, "उजव्या अंगठ्याखाली काय लागतंय तुला?"